हलक्या डब्यांना काढ-घाल करता येईल अशी मूठ कशी करावी?

बिबडेवाली_यावल | ६ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय, आज शेवटी विचारतेच.

आम्ही नऊ बायका मिळून उन्हाळ्यात बिबडे (आंबवलेल्या ज्वारीचे), कुरडया, पापड करतो आणि पावसाळाभर विकतो. पूर्वी पत्र्याच्या डब्यांत ठेवायचो, ते जड आणि गंजायचे. दोन वर्षांपासून पोकळ नळ्यांच्या प्लास्टिक शीटचे डबे करून घेतले (निवडणुकीच्या पाट्या करतात ती शीट, दुकानदार सनपॅक म्हणतात). डबा १८ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. रिकामा असताना एका बोटावर तोलतो, भरला की साधारण ४ किलो. असे ४१ डबे आहेत.

अडचण अशी की डब्याला धरायला काहीच नाही. १२ इंच रुंदीला दोन्ही हात पसरून कवेत घ्यावं लागतं, मग स्टुलावर चढून माळ्यावरून काढताना धरायला एक हात मोकळा राहत नाही. आमच्यातल्या एक मावशी मागच्या श्रावणात अशाच घसरल्या, पायाला प्लास्टर होतं दीड महिना. तेव्हापासून मला त्या डब्यांची भीतीच बसली आहे.

कायमचं हँडल का नको तर एक म्हणजे डब्यावर डबा रचतो, वर आलेलं हँडल आड येतं. दुसरं म्हणजे भोक पाडायचंच नाही. मागे चार डब्यांना हात घालायला खाचा पाडल्या होत्या, तिथून मुंग्या शिरल्या आणि आषाढात हवा लागून बिबडे चिवट झाले, चारही डबे गुरांना घातले. आणि ४१ हँडलं करायचा खर्चही नको, दोन-तीन मुठी असाव्यात, लागेल त्या डब्याला लावाव्यात आणि काढून खिळ्याला अडकवाव्यात. कोणी काही केलंय का असं?

---

पांझराकाठ | ६ मे, रात्री ९:५२

सुतळी बांधा ताई, अधिकच्या चिन्हासारखी. हलवाई मिठाईच्या पुड्याला बांधतो तशी. झालं काम.

---

बिबडेवाली_यावल | ६ मे, रात्री १०:०५

@पांझराकाठ दादा, बांधून पाहिली. चार किलोला सुतळी बोटात रुतते, जिना उतरेपर्यंत बोटं पांढरी पडतात. शिवाय गाठ सोडायला वेळ लागतो आणि वरच्या कडेला झाकण आत दबतं.

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | ६ मे, रात्री ११:१८

झाकण दबतं त्याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढची निम्मी डिझाईन आपोआप होते.

दोरी डब्याच्या दोन टोकांवरून वर येते आणि मध्ये हातात एकत्र होते. ती जितकी आडवी तितका तिच्यावर ताण जास्त. ४ किलोचा डबा, दोन बाजूंनी दोरी. दोन्ही सरळ उभ्या असत्या तर एकेकीवर २ किलो आले असते. पण आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन झाला की सव्वादोनच्या वर, ४५ झाला की पावणेतीनच्या वर आणि ३० वर आला की एकेका दोरीवर पूर्ण ४ किलो. ताईंच्या डब्यावर हात झाकणापासून तीन इंच वर आणि कड मध्यापासून नऊ इंच लांब, म्हणजे कोन ३० पेक्षाही कमी. दोरीवर डब्याच्या वजनापेक्षा जास्त ताण येतोय आणि त्यातला बराचसा डब्याला दोन्हीकडून आत दाबतोय. पोकळ शीट तिथे दबणारच.

त्यावर जिना उतरताना हिसका बसतो तो वेगळा. एकदम झेललेलं वजन हे टेकवलेल्या वजनाच्या दुप्पट धरायचं असा आमच्याकडे हिशोब आहे.

म्हणून मुठीऐवजी डब्याच्या लांबीएवढी ताठ दांडी घ्या. दोरी दांडीच्या टोकांपासून सरळ खाली जाईल. आत दाबणारा जोर राहणारच नाही, जो काही उरेल तो दांडी सोसेल.

---

तापीकाठ | ७ मे, सकाळी ६:३०

कावड!!

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | ७ मे, सकाळी ७:०२

हो, फक्त उलटी. कावडीत मधे खांदा असतो, इथे मधे हात.

---

केळीचा_फणा_रावेर | ७ मे, सकाळी ७:४५

आमच्याकडे एक्स्पोर्टच्या केळीचे बॉक्स रोज हातातून जातात. एका बॉक्समध्ये १३ किलो माल, पुठ्ठ्याचा, झाकण पूर्ण डब्यावर उतरतं आणि हात घालायला दोन्ही बाजूंना खाच. ती खाच कधी नीट बघा. कोपरे चौकोनी नसतात, गोल असतात. चौकोनी कोपरा ठेवला की फाटायला तिथूनच सुरुवात होते, गोल असला की ताण वळून जातो. ताईंच्या खाचा फाटल्या का असं विचारणार होतो पण त्यांचा प्रश्न मुंग्यांचा आहे, त्याला गोल कोपरा काय करणार. केळीला उलट हवा पाहिजेच असते म्हणून आमच्या बॉक्सला भोकं असली तर चांगलंच, बिबड्यांचं अगदी उलट.

तरी एक सुचवतो. खाचेला आतून शीटचा झुलता पडदा चिकटवला तर?

---

बिबडेवाली_यावल | ७ मे, सकाळी ८:१०

@केळीचा_फणा भाऊ, पडदा हवेला थोडाफार अडवेल पण लाल मुंगीला नाही हो. ती पाटाखालून, कपाटाच्या बिजागरीतून, कुठूनही वाट काढते. भोक नकोच.

---

अमळनेरचा_पोरगा | ७ मे, दुपारी १:२०

थ्रीडी प्रिंट करा ना! मी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजात प्रिंटर आहे. झाकणाच्या खालच्या ओठात अडकणारे दोन हूक आणि मधे मूठ. टक् करून लागेल, टक् करून निघेल. मी एक करून घरी आणला होता आईच्या डब्यासाठी, मस्त लागला. फक्त गाडीच्या डिकीत राहिला दुपारभर आणि बाहेर काढला तेव्हा जिलबी झाली होती त्याची.

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | ७ मे, दुपारी १:५५

पीएलए वापरलं असणार, थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४-४५ असतं, बंद डिकीत त्याच्या किती वर जातं ते तू पाहिलंसच. पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक घे, ते ८० च्या आसपासपर्यंत दम धरतं. आणि हूक आडवा झोपवून प्रिंट कर. उभा केलास तर थर एकावर एक बसतात आणि वजन नेमकं थर सुटतील त्या दिशेला ओढतं. पापुद्र्याची पोळी जशी पदर सुटून निघते तसा हूक निघतो.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. झाकणाच्या ओठाला धरून उचललंस म्हणजे सगळं वजन झाकणावर आलं. झाकण डब्यावर नुसतं बसवलेलं असेल तर झाकण हातात आणि कुरडया जिन्यात.

---

अमळनेरचा_पोरगा | ७ मे, दुपारी २:०४

😬 हो काका, ते नाही लक्षात आलं. आईचा डबा फिरकीच्या झाकणाचा होता.

---

नंदुरबारी_मिरची | ७ मे, दुपारी ३:३०

आमच्या मार्केटात हमाल मिरचीची पोती आकड्याने उचलतात. लाकडी मूठ, पुढे वाकडा लोखंडी काटा, खुपसला की पोतं उचललं, काढला की दुसरं पोतं. काढ-घाल मूठ म्हणतात ती हीच की! एका माणसाकडे एकच आकडा आणि दिवसाला शेकडो पोती. मी लहानपणापासून बघतेय, पण आज हा धागा वाचून पहिल्यांदा त्याच्याकडे मूठ म्हणून बघितलं.

अर्थात तो भोक पाडतो. तागाच्या पोत्याचे धागे बाजूला सरकतात आणि परत जुळतात, प्लास्टिकचं तसं नाही. तेव्हा ताईंच्या कामाचा नाही.

---

खापरावरचे_मांडे | ७ मे, सायंकाळी ५:१५

मग भोक न पाडता धरणारा आकडा. बर्फाच्या लादीचा चिमटा आठवतो का? कैचीसारखा, वर कडी. कडी ओढली की खालचे दोन पंजे आवळतात, लादी जितकी जड तितकी पकड घट्ट. आमच्या लग्नाच्या वेळी बर्फवाला दोन लाद्या असा हातात लटकवत आला होता आणि मी नवरी असून तेच बघत होते.

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | ७ मे, रात्री ९:४०

@मांडे ताई, कल्पना फार चांगली आहे, यंत्रांमध्ये ती खूप वापरतात. पण बर्फाच्या चिमट्याचे दात बर्फात घुसतात. आपल्याला नुसत्या घर्षणावर धरायचंय. प्लास्टिकवर प्लास्टिक इतकं गुळगुळीत असतं की डबा घसरू नये म्हणून प्रत्येक बाजूने डब्याच्या वजनाच्या दुपटीएवढा दाब द्यावा लागेल. पंज्याला सायकलची ट्यूब चिकटवली तर वजनाइतका दाब पुरेल. चार किलोच्या डब्याला दोन्ही बाजूंनी चार-चार किलोनी दाबायचं. भिंत बसकी होईल आणि आत कुरडई आहे, ती तर नुसत्या शब्दानेही मोडते.

लाकडी खोक्याला हा चिमटा झकास. हलक्या डब्याला नाही. डबा हलका आहे म्हणून मूठ सोपी, असं आपल्याला वाटतं. पण हलका म्हणजे पातळ भिंतीचा, त्याला धरायला जागाच नसते. जड पेटीला खिळा ठोकता येतो, हलक्याला हात लावायचीही चोरी.

---

आखाजीचा_झोका | ७ मे, रात्री १०:०२

डबा हालका शे, मंग इतला इचार काबर? डोकावर चुंबळ ठेवा नि चाला. 😄

---

बिबडेवाली_यावल | ७ मे, रात्री १०:१५

@आखाजीचा_झोका दादा, डोक्यावर घेऊन सपाट वाट चालता येते, स्टुलावरून उतरता येत नाही. त्या पडलेल्या मावशींनी आयुष्यभर डोक्यावर मोळ्या वाहिल्यात. त्या डब्यामुळे पडल्या.

---

आखाजीचा_झोका | ७ मे, रात्री १०:२१

चुकनं ताई. मावशीना पाय बरा शे का आते?

---

बिबडेवाली_यावल | ७ मे, रात्री १०:२४

हो दादा, बऱ्या आहेत. काल ज्वारी भरडायला बसल्या होत्या.

---

भरीतप्रेमी_बामणोद | ८ मे, सकाळी ९:००

धागा भरकटवतोय माफ करा, पण बिबडे विकत मिळतात का? पुण्यात माझ्या बहिणीला लागतात आणि तिथे जे मिळतात ते बिबडे नसून ज्वारीचे पापड असतात.

---

खापरावरचे_मांडे | ८ मे, सकाळी ९:२०

ज्वारी आंबवलेली नसते ना त्यांची! भिजवून, आंबवून, भरडून, मग शिजवून गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचे. आंबट वास आला नाही तर तो बिबडा कसला. आमच्या घरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी करून संपवायचेच असा नेम होता कारण आखाजीला झोका खेळायचा असायचा, गच्चीवर राखण करायला कोणी सापडायचं नाही.

---

पांझराकाठ | ८ मे, सकाळी ९:२४

आणि गच्चीवर अर्धा ओला बिबडा पळवून खायचा. वाळलेल्यापेक्षा तोच भारी.

---

बिबडेवाली_यावल | ८ मे, सकाळी ९:५०

@भरीतप्रेमी भाऊ व्यक्तिगत निरोप पाठवते. पण मुठीचं बघा आधी, मूठ झाली तरच माळ्यावरून उतरतील ना बिबडे 😊

---

मनगट_दुखतंय | ८ मे, दुपारी १२:३५

मी शिवणकाम करते, दोन्ही मनगटांत मुंग्या येतात, डॉक्टरांनी वजन जपून उचलायला सांगितलंय. म्हणून मुठीच्या जाडीवर बोलते, कारण ह्यावर कोणी बोललंच नाही अजून.

बाजारातल्या पिशव्यांचे बंद, बादलीची तार, डब्यांची कडी, सगळं बारीक असतं. बारीक कडी असली की ती निसटू नये म्हणून आपण नकळत जास्त आवळतो आणि दुखणं तिथून सुरू होतं. मला तीन ते साडेतीन सेंटीमीटर जाडीची गोल मूठ सगळ्यात सोसते. अंगठा आणि पहिलं बोट जेमतेम एकमेकांना लागतात एवढी. लांबीला हाताचा पूर्ण पंजा मावून वर थोडी जागा, म्हणजे ११-१२ सेंटीमीटर. आणि मूठ व झाकण यांच्यात बोटांची पेरं घासणार नाहीत एवढी फट. घाईत उचलताना पेरं सोलली जातात ती ह्याच फटीमुळे, म्हणजे ती नसल्यामुळे.

आमच्या घरी लाटणं आहे जाड, मी त्याच्यात दोरी ओवून पिशवी उचलते. हसतात घरचे. पण दुखत नाही.

---

ठिबकदादा_चोपडा | ८ मे, दुपारी १:१०

ताई, लाटणं स्वयंपाकघरात राहू द्या, मी देतो उपाय. कोणत्याही शेतात ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे पडलेले असतात. १६ मिलीमीटरची नळी दोरीवर चढवा, तिच्यावर २० ची चढवा. २० ची घट्ट वाटली तर दोन मिनिटं गरम पाण्यात टाकायची, मऊ होऊन सरकते. काळी असते ती नुसती रंगाला नाही, त्या काजळीमुळेच ऊन सोसते, आमच्या केळीत वर्षानुवर्षं उन्हात पडून असते. बादलीच्या तारेवर मी हेच चढवलंय, म्हशीला पाणी नेताना हात सुखाने राहतो.

वर्कशॉपवाले भाऊ म्हणतात त्या दांडीसाठी पाऊण इंची पीव्हीसी पाईप घ्या. बाहेरून साधारण २७ मिलीमीटर भरतो. मधे हात धरायच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळली की बरोबर मनगटवाल्या ताईंच्या मापावर येतो.

---

अमळनेरचा_पोरगा | ८ मे, दुपारी १:४५

तो पाईप गॅसवर गरम करून यू आकारात वाकवला तर मूठ पण तीच आणि हूक पण तोच!

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | ८ मे, दुपारी २:००

थांब रे बाबा. पीव्हीसी ज्योतीवर धरू नको. करपला की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, डोळे आणि छाती धरतो. वाकवायचाच असेल तर चुलीवर रेती तापवून पाईपमध्ये भरायची, दोन्ही टोकांना बूच आणि मोकळ्या हवेत हळूहळू वळवायचा. रेतीमुळे चपटा होत नाही. पण इथे वाकवायची गरजच नाही, सरळ दांडीच ताठ राहते.

---

बिबडेवाली_यावल | १० मे, रात्री १०:३०

करून पाहिलं! पाऊण इंची पाईप २१ इंच, दोन्ही टोकांना खाटेच्या दोन इंची नवारीचा पट्टा बांधून डब्याखालून लांबीने घेतला. झाकण अजिबात दबलं नाही, भाऊ तुमचा हिशोब अगदी बरोबर. हातालाही छान.

पण दोन गोष्टी झाल्या. एक, पट्टा एकच असल्याने जिन्याच्या वळणावर डबा एका अंगाला कलला आणि पट्ट्यातून निसटायला लागला, खालच्या ताईने झेलला म्हणून. आत नशिबाने नुसते बिबडे होते, आठ-दहाच मोडले. दुसरी गोष्ट सांगायला मावशीच लागल्या. त्या म्हणाल्या, अगं पट्टा डब्याखाली घालायला आधी डबा उचलावाच लागतो, मग मूठ कशाला केलीस? मला काही उत्तर सुचलं नाही.

---

तापीकाठ | १० मे, रात्री १०:४१

मावशींना दंडवत. चार दिवस आम्ही इथे कोन मोजतोय आणि त्यांनी एका वाक्यात गाठ पकडली.

---

दलालाचा_डबा_जळगाव | १० मे, रात्री ११:०५

आमच्या दुकानात १५ किलोच्या तेलाचे पत्र्याचे चौकोनी डबे असतात. त्याची मूठ वर झाकणालाच, पण झोपलेली. हात घातला की उभी राहते, सोडली की आडवी होते, वर दुसरा डबा ठेवता येतो. काढ-घाल कशाला, झोपणारी मूठ बघा. (हे डबे आपल्या मुलखात जुने आहेत हो, अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला तोच पुढे विप्रो झाला. रिकाम्या डब्यात धान्य, त्याच डब्याची झारी, त्याच डब्याची चूल. काहीही करायची आमची आजी.)

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | १० मे, रात्री ११:३०

त्या डब्याचं झाकण पत्र्याला दुमडून बंद केलेलं असतं म्हणून ती मूठ वजन घेते. ताईंच्या डब्याचं झाकण उघडतं. पण तुमच्या बोलण्यातला झोपण्याचा मुद्दा मला सोडवत नाहीये. विचार करतो.

---

आखाजीचा_झोका | ११ मे, सकाळी ६:१०

रातभर इचार कया. मनी माय दही-दुधनं मडकं शिक्यावर ठेवे. मांजर, मुंगी, काहीच पोचे नही. शिक्याले चार दोऱ्या, खाले चुंबळ, वर एक गाठ. मडकं काढं तरी शिकं तठेच टांगेल राहे. मडकाले भोक नही, कान नही. तुमना डबाले शिकंच पाहिजे.

(शुद्ध मराठीत: पट्टा एक नको, चार दोऱ्या करा. शिंक्यातून भांडं कलत नाही.)

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | ११ मे, सकाळी ७:२०

दादा, तुम्ही सोडवलं. खरंच सोडवलं. झोपणारी मूठ आणि शिंकं एकत्र करा.

आपण आतापर्यंत सगळंच काढ-घाल करत होतो, पट्टाही आणि दांडीही. आड काय येतं? ताठ दांडी. खर्च कशाला येतो? दांडीला, ट्यूबला, मेहनतीला. पट्टा स्वस्त आहे, चपटा आहे, तो डब्यालाच राहू द्या! प्रत्येक डब्याला स्वतःचं नवारीचं शिंकं, कायमचं. दोन्ही टोकांचे फासे डब्याच्या कडेला लोंबत पडतील, रचताना आड येणार नाहीत. वेगळी करायची ती फक्त दांडी. फाशांतून आरपार ओवली की उचला. डबा आधी उचलायचा प्रश्नच नाही.

शिंकं एकाच अखंड पट्ट्याचं होतं. एक इंची नवार अडीच मीटर, दोन्ही टोकं जोडून मोठा वेढा. तो डब्याखालून लांबीच्या दिशेने दोन समांतर पट्ट्यांसारखा घ्यायचा, सहा इंच अंतर ठेवून. मधलं अंतर हलू नये म्हणून खाली दोन आडवे तुकडे शिवायचे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. डब्याच्या दोन्ही टोकांना वेढा वर येऊन आपोआप उलट्या व्ही सारखा जुळतो, तिथे दांडी. चार दोऱ्या झाल्या, एकेकीवर किलोभर वजन आणि सगळ्या जवळजवळ उभ्या. कलणार नाही.

---

मनगट_दुखतंय | ११ मे, सकाळी ८:४०

शिवणीचं मी सांगते. टोकावर टोक चार इंच चढवा, नुसत्या एका आडव्या टीपेवर भरवसा ठेवू नका. चौकोन शिवायचा आणि आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. शाळेच्या दप्तराच्या बंदाला जिथे शिवण असते तिथे बघा, तसंच असतं. घरचं मशीन नवारीच्या दोन पदरांना अडखळतं, सुई १८ नंबरची घाला आणि चाक हाताने फिरवा. आणि नवारीचं कापलेलं टोक मेणबत्तीवर हलकं फिरवा म्हणजे उसवत नाही, पण सुती नवार असेल तर हे करू नका, ती पेटते.

---

नंदुरबारी_मिरची | ११ मे, सकाळी ९:१५

दांडी फाशातून सटकली तर?

---

ठिबकदादा_चोपडा | ११ मे, सकाळी ९:३०

दोन्ही टोकांना पाईपचं टोपण बसवायचं, ते पाईपपेक्षा जाड असतं. फासा ढिला असताना टोपणावरून जातो, वजन आलं की फासा आवळतो आणि टोपणाच्या अलीकडे अडकून बसतो. बैलाचं दावं खुंटीला असंच राहतं ना, ओढलं की घट्ट.

---

बिबडेवाली_यावल | १९ मे, रात्री ९:१०

आठवडाभर गायब होते कारण शेवटचा घाणा चालू होता. आता सगळं सविस्तर सांगते.

आधी एकच शिंकं शिवलं आणि परीक्षा घेतली. डब्यात रेतीच्या पिशव्या भरून १२ किलो केले, म्हणजे नेहमीच्या तिप्पट, आणि दांडी पाळण्याच्या कड्यांना टांगून रात्रभर लोंबत ठेवली. सकाळी शिवण जशीच्या तशी. दांडी मधे किंचित झुकली होती, अर्धा सेंटीमीटर असेल. तरी मनात नको म्हणून तिच्यात बांबूची काठी ठोकून बसवली, आता हलत नाही. नवार मात्र दोन बोटं लांबली होती, म्हणून बाकीची शिंकी दोन बोटं आखूड शिवली.

ठिबकदादा, टोपणाचं तुम्ही म्हणता तसं झालं पण एक सांगायचंय. डबा जमिनीवर टेकवला की फासा सैल होतो आणि कधीकधी एका टोकाने सुटतो. टेकवल्यावर सुटला तर हरकत नाही, पण मावशी डबा स्टुलावर क्षणभर टेकवून पुन्हा उचलतात, तेव्हा एकच बाजू अडकलेली असली तर घात. म्हणून टोपणाजवळ सायकलच्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं चढवलं. फासा घातला की कडं त्याच्यावर सरकवायचं. काढताना अंगठ्याने मागे. एका हाताने होतं.

शीटच्या नळ्यांकडेही पहिल्यांदाच लक्ष गेलं. आमच्या काही डब्यांत नळ्या आडव्या आहेत, काहींत उभ्या. आडव्या नळ्यांच्या डब्यांवर तीन डबे रचले की भिंत पोट काढते, उभ्या नळ्यांचे ताठ उभे राहतात. पुढचे डबे करून घेताना उभ्याच सांगणार.

आणि आणखी एक फायदा झाला जो मागितलाही नव्हता. दांडी झाकणावर दोन इंच वर असते, त्यामुळे डबा वाकडा झाला तरी झाकण सहज निसटून बाहेर जात नाही.

२६ शिंकी झाली, १५ राहिलीत. दांड्या तीन केल्या, तिन्हींना लाल ट्यूब गुंडाळली कारण काळी दांडी पहिल्याच दिवशी सरपणात गेली होती. माळ्याच्या दाराशी तीन खिळे ठोकलेत. आज मावशींनी पहिला डबा उतरवला, एक हात मुठीला आणि एक भिंतीला. खाली आल्यावर म्हणाल्या, दुसरा दे.

---

आखाजीचा_झोका | १९ मे, रात्री ९:३०

वाचीसन डोयामा पानी उनं ताई.

---

केळीचा_फणा_रावेर | १९ मे, रात्री ९:४८

फोटो टाका ना. माझ्या पोराच्या दप्तराशेजारी रोपांचे ट्रे असतात, त्यालाही शिंकं शिवता येईल असं वाटतंय.

---

नंदुरबारी_मिरची | २० मे, सकाळी ८:०५

ताई मला मिरची पावडरीसाठी करायचंय. माझे डबे दोन मापाचे आहेत, १४ इंची आणि १८ इंची. दांड्या दोन वेगळ्या कराव्या लागतील का?

---

वर्कशॉपवाला_भुसावळ | २० मे, सकाळी ८:४०

एकच चालेल. २१ इंचीच घ्या. ताईंचं रबरी कडं आहे ना, तशी चार चढवा. लहान डब्याला फासे आत सरकवून दोन्ही बाजूंना कडी लावायची, म्हणजे ते बाहेर घसरत नाहीत. फक्त हात बरोबर मध्यावर यावा म्हणून लाल ट्यूब दांडीच्या मधोमध गुंडाळा, आणि दोन्ही फासे त्या लाल पट्ट्यापासून सारख्या अंतरावर आहेत ना ते उचलायच्या आधी एकदा डोळ्याने बघून घ्या. तिखट आहे, सांडलं तर जिना धुवावा लागेल.

---

बिबडेवाली_यावल | २० मे, सकाळी ९:०२

आणि पावडरीचा डबा चार किलोचा राहत नाही हं, त्याच मापाच्या डब्यात बिबड्यांच्या कितीतरी पट मावते. आधी भरून वजन करा, मग त्याच्या तिप्पट रेती टांगून बघा. नवार दोन इंची घ्या. फोटो दुपारी टाकते, आत्ता उन्हं चढायच्या आत कापडं काढायचीत गच्चीवरची.